जिनिव्हातलं एरंडाचं गुऱ्हाळ

प्रति,
जैविक शस्त्रबंदी कराराच्या बैठकांत भारताची बाजू मांडणारे प्रतिनिधी मंडळ,
जिनिव्हा आणि नवी दिल्ली

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार, वि. वि.

मी कोल्हापुरातला एक निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. त्याआधी आणि पुढं प्रत्येक हंगामात सुट्टी मिळेल तशी आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारली. गुऱ्हाळ आता बंद झालंय, काहील भंगारात गेली, पण उकळत्या रसाचा वास आला की अजून पाय थबकतात. पत्र मराठीत लिहितोय. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत मराठी नाही हे ठाऊक आहे. तुमच्या कार्यालयात ते वाचून सांगणारं कुणीतरी भेटेलच.

आमच्याकडं एखादं बोलणं लांबत चाललं आणि त्यातून काहीच निघेना, की म्हणतात, ‘काय एरंडाचं गुऱ्हाळ लावलंय!’ एरंडाला उसासारखी पेरं असतात, लांबून फसायला होतं. पण चरकात घातला तर रसाचा थेंब नाही. जैविक शस्त्रबंदी कराराच्या पडताळणीवर, म्हणजे देश तो करार पाळतात का हे तपासण्यावर, जिनिव्हात जे चाललंय त्याच्या बातम्या मी गेली काही वर्षं जमतील तशा वाचतो, आणि दर वेळी हाच वाक्प्रचार तोंडावर येतो.

योगायोग असा की या विषयात खराखुरा एरंडही आहे. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. तेल काढलं की ते पेंडीत राहतं, म्हणून आजीनं पाजलेल्या एरंडेलानं कुणी मेलं नाही. पण १९७८ साली लंडनमध्ये बल्गेरियातून पळून आलेल्या एका लेखकाला मांडीत बारीकशी गोळी मारून संपवलं, ते याच रायसिननं. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीत रायसिनचं नाव आहे. शिवाय ते सजीवापासून मिळणारं विष असल्यामुळं जैविक शस्त्रबंदी करारालाही लागू पडतं. बांधावरच्या एरंडाला एकाच वेळी दोन आंतरराष्ट्रीय करार लागू! पहिल्या करारात त्याच्या मागावर तपासनीस येऊ शकतो. दुसऱ्यात तपासनीस नावाचा माणूसच नाही. त्या न नेमलेल्या माणसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.

आधी पहिल्या, म्हणजे रासायनिक कराराचं सांगतो, कारण तो मी जवळून बघितलाय. म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्यानं बघितला. तो एका रसायन कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो, रंगांसाठी लागणारा कच्चा माल बनवतात तिथं. शस्त्राचा दूरदूरचा संबंध नाही. पण करार असा आहे की यादीत नसलेली सेंद्रिय रसायनंसुद्धा कारखाना वर्षाला २०० टनांच्या वर तयार करत असेल, तर ते सरकारला आणि सरकारनं या करारावर देखरेख करणाऱ्या हेगच्या ओपीसीडब्ल्यू या संस्थेला कळवायचं. कळवलं की कधीतरी नाव निघतं. यांचं निघालं. अशा कारखान्याला पाच दिवस, नेमकं सांगायचं तर १२० तास आधी सूचना देतात. त्या पाच दिवसांत मालकानं काय केलं? भिंतींना रंग दिला आणि केबिनमध्ये नव्या खुर्च्या आणल्या. पोरगा मला फोनवर म्हणाला, ‘सर, लग्नघर झालंय नुसतं.’

तपासनीस आले, बरोबर दिल्लीचे अधिकारी. त्यांनी खुर्च्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. कुठली नळी कुठल्या रिअ‍ॅक्टरमधून निघून कुठं जाते, ते बोट धरून बघितलं. बॅचच्या नोंदवह्या मागितल्या. शेडमागं ताडपत्रीखाली झाकलेली पिंपं उघडायला लावली. (त्यात जुना गंज निघाला. मालकाला लाज वाटली ती तेवढ्याचीच.) चोवीस तासांच्या आत काम संपवून, चहा घेऊन ते गेले. भडंगाचा एकच घास घेतला म्हणे, तिखट लागलं असावं. नंतर विद्यार्थी जे बोलला ते मी डायरीत लिहून ठेवलं: ‘सर, आता कुणी म्हणालं ना की तुमच्या कंपनीत विषारी वायू बनवतात, तर दाखवायला माझ्याकडं कागद आहे.’

एवढ्याशा कागदाला किती किंमत आहे हे आपल्या देशाला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं संयुक्त निवेदन काढलं की आमच्याकडं रासायनिक शस्त्रं नाहीत. पुढं १९९७ च्या एप्रिलमध्ये करार अमलात आला आणि त्याच वर्षी भारतानं जाहीर केलं की आमच्याकडं साठा आहे, अंगावर फोड उठवणाऱ्या मस्टर्ड वायूचा, सुमारे एक हजार टन. तेव्हा मी वर्गात पोरांना काय सांगावं या पेचात पडलो होतो. आज वाटतं, तीच आपली या विषयातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट असावी. निवेदन काढायचं होतं तेव्हा झाकलं. घरात येऊन पिंपं उघडणारा माणूस ठरला तेव्हा खरं सांगितलं, आणि २००९ पर्यंत त्याच माणसांच्या डोळ्यांसमोर सगळा साठा नष्टही केला. अल्बानिया आणि दक्षिण कोरिया यांच्यानंतर काम पुरं करणारा भारत तिसरा देश. यातलं काहीही सदिच्छेवर झालेलं नाही. मोजमाप करणारे लोक होते म्हणून झालं.

जगाचंही तसंच. या करारात देशांनी मिळून ७२,३०४ टन रासायनिक अस्त्रं जाहीर केली. रशियानं आपला वाटा २०१७ च्या सप्टेंबरमध्ये संपवला आणि अमेरिकेनं सारिन हे जीवघेणं विष भरलेलं शेवटचं रॉकेट जुलै २०२३ मध्ये केंटकीत नष्ट केलं. जाहीर केलेलं सगळं गेलं. ‘जाहीर केलेलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सीरियानं २०१३ साली दमास्कसजवळच्या घुटामधल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर दबावाखाली करारावर सही केली, १,३०० टनांची यादी दिली आणि काही मागं ठेवलं. २०१७ मध्ये खान शेखूनमध्ये सारिन पुन्हा वापरलं गेलंच. डिसेंबर २०२४ मध्ये तिथली राजवट कोसळल्यावर संशयाच्या ठिकाणांचा आकडा शंभराच्या वर गेला. म्हणजे तपासणी असली तरी लबाडी होते. मान्य. आमच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यालाही होते. वर पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, आणि आत भलतंच. म्हणून व्यापारी रवा फोडून बघायचं सोडत नाही.

आता तुमच्या कराराकडं येतो. १० एप्रिल १९७२ ला सह्यांसाठी खुला झाला, २६ मार्च १९७५ ला अमलात आला. शस्त्रांचा एक अख्खा प्रकार मुळापासून बंद करणारा हा जगातला पहिला करार. भाषा उत्तम आहे. रोगजंतू आणि विषं शांततेच्या कामासाठी लागतात तेवढीच ठेवा, बाकी काही बनवू नका, साठवू नका, मिळवू नका. पन्नास वर्षं होऊन गेली. हेगला रासायनिक करारासाठी सुमारे पाचशे माणसं काम करतात, २०१३ साली त्यांच्या संस्थेला नोबेल मिळालं. जिनिव्हात जैविक कराराचं कार्यालय तीन-चार जण चालवतात. आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा गणपती बसवायला याहून जास्त पोरं लागतात.

आणि या कराराच्या पोटातच मोठी फसवणूक झालेली आहे, हे तुम्ही बैठकीत कितीदा बोलता माहीत नाही. कराराची मूळ कागदपत्रं सांभाळण्याची जबाबदारी तीन देशांकडं: अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ. त्यातल्या सोव्हिएत संघानं सही केल्यानंतर लगोलग जंतूंच्या शस्त्रांचा जगातला सगळ्यात मोठा कारखाना उभा केला. बायोप्रेपरात नाव त्याचं, वरून औषध कंपनीचा मुखवटा. २ एप्रिल १९७९ ला स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले. त्या कार्यक्रमातून पुढं अमेरिकेला गेलेल्या एका बड्या अधिकाऱ्यानं कारण सांगितलं ते असं: हवा बाहेर सोडणाऱ्या यंत्राचा फिल्टर बदलायला काढला होता, कामगारानं चिठ्ठी ठेवली, पण वहीत नोंद झाली नाही. पुढच्या पाळीनं वही बघितली, काही लिहिलेलं नाही, यंत्र सुरू केलं.

गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत पाळी बदलताना जे होतं, तेच. कमीत कमी ६६ माणसं मेली. वाऱ्याच्या दिशेला पन्नासेक किलोमीटरपर्यंत मेंढरं मेली. सरकारनं सांगितलं, लोकांनी खराब मटण खाल्लं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी काही नमुने लपवून ठेवले म्हणून पुढं छडा लागला, आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ साली कबूल केलं. तेरा वर्षं! तेवढ्या काळात बाहेरचा एक माणूस त्या आवारात शिरू शकला असता, असं एक कलम करारात नव्हतं. आजही नाही. शंका आली तर सुरक्षा परिषदेत तक्रार करा म्हणतात, जिथं ज्यांच्यावर शंका घ्यायची त्यांच्यातल्याच काहींच्या हातात नकाराधिकार आहे.

मला ठाऊक आहे यावर उत्तर काय येतं. रसायनं टनांत मोजता येतात, जंतू मोजता येत नाहीत. खरं आहे, आणि हे मी पोरांना विरजणाचं उदाहरण देऊन सांगायचो. मस्टर्ड वायूचं पिंप हे दुधाच्या कॅनसारखं, आहे तेवढंच. जंतूंची कुपी म्हणजे चमचाभर विरजण. चमचाभर नष्ट केलं काय न केलं काय, दूध असेल तिथं उद्या पातेलंभर दही लागेल. शिवाय ज्या टाकीत लस वाढते त्याच टाकीत शस्त्रही वाढतं. मग तपासणार काय?

तर दूध तपासायचं. हे माझं डोकं नाही, इराकमध्ये झालेलं आहे. १९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस तिथं फिरत होते, इराक जैविक शस्त्रांबद्दल कानावर हात ठेवत होता. मग त्यांनी आयातीचे कागद जुळवायला घेतले. जंतू वाढवायचं पोषकद्रव्य, म्हणजे जंतूंचा खुराक, इराकनं सुमारे ३९ टन मागवलेलं निघालं. दवाखान्यांच्या प्रयोगशाळांना लागतं ते याच्यापुढं किरकोळ. उरलेलं कुठं गेलं, याला उत्तर नव्हतं. जुलै १९९५ मध्ये इराकला कबूल करावं लागलं की शस्त्रांसाठी जंतू वाढवले होते. वही आणि माल यांचा मेळ घालायचा, बस्स. हे काम कुठल्याही सोसायटीचा ऑडिटर ओळखेल.

म्हणून ‘जैविक पडताळणी शक्यच नाही’ हे वाक्य मला पटत नाही. शंभर टक्के शक्य नाही, असं म्हणा. पण फिल्टरची नोंदवही, टाक्यांचे आकार, खुराकाची खरेदी, लस टोचून घेतलेल्या कामगारांची यादी, हे सगळं बघता येतं. जिनिव्हात सहा-सात वर्षं खपून अशा तपासणीच्या नियमांचा एक मसुदा तयारही झाला होता. जुलै २००१ मध्ये अमेरिकेनं तो झिडकारला. कारणं दोन: देशाची सुरक्षा आणि कंपन्यांची गुपितं. दोन-तीन महिन्यांत अमेरिकेतच टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं फिरली, पाच माणसं दगावली. तपास यंत्रणेनं अखेर बोट दाखवलं ते त्यांच्याच लष्करी प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाकडं. कंपन्यांच्या गुपितांचं म्हणाल तर माझ्या विद्यार्थ्याच्या मालकालाही तीच भीती होती. गुपित कुठंही गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या मास्तराला यात इतकं का पडलंय. आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे, घरटी फौजी. नावातच सैनिक. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी क्लोरीन सोडला, तेव्हा चारच दिवसांत हिंदुस्थानी पलटणी त्याच हवेत उतरवल्या गेल्या, तोंडाला ओल्या चिंध्या बांधून. क्लोरीन तरी शत्रूचा होता. रावळपिंडीला १९३० च्या दशकापासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मस्टर्ड वायूच्या चाचण्या घेतल्या त्या आपल्याच फौजेतल्या हिंदी शिपायांवर. गोऱ्या आणि काळ्या कातडीवर फोड वेगळे येतात का, हे बघायला. त्यांतले कितीजण कुठल्या गावचे, याची यादी मी कुठं वाचलेली नाही. टाकळीच्या वेशीवरून जाताना विचार मात्र येतो.

आणि प्लेग. माझी आजी तिच्या सासूचं ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर मरून पडला की माणसं चूल विझवून रानात झोपड्या घालायची. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ती साथ. दिवाबत्तीला गावात परत यायला कुणी धजायचं नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९४० मध्ये, जपानी विमानांनी चीनच्या निंगबो शहरावर धान्याबरोबर प्लेगच्या पिसवा टाकल्या. आमच्या पणजीनं ज्याला देवीचा कोप म्हटलं, तो कुणीतरी युनिट ७३१ या जपानी लष्कराच्या जंतुशस्त्रांच्या केंद्रात पाळून, वाढवून, विमानात भरला. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता मागणं.

भारताची अधिकृत भूमिका मला माहीत आहे: बंधनकारक, सर्वंकष, पडताळणीसह प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार हवा. योग्यच आहे, ती सोडू नका. पण तुमच्या बैठकांत निर्णय एकमतानं होतात, म्हणजे एकानं होकार दिला नाही की गाडी थांबली. २०२२ च्या आढावा परिषदेनं करार बळकट करण्यासाठी कार्यगट नेमला, डिसेंबर २०२४ मध्ये काहीतरी हाताशी येईल असं वाटत होतं, आलं नाही. दहावी आढावा परिषद उशिरात उशिरा २०२७ मध्ये व्हायची आहे. तिथं पुन्हा तेच निवेदन वाचून दाखवायचं आणि बाकीचे आडवे आले म्हणून परत यायचं, याला आमच्याकडं काय म्हणतात ते वर लिहिलंय.

सर्वांचं एकमत होईपर्यंत आपल्या एकट्याला करता येतील अशा दोन गोष्टी आहेत. दरवर्षी देशांनी आपल्या प्रयोगशाळांची, लस कारखान्यांची, साथींची माहिती एका ठरावीक फॉर्मवर कळवायची असते. ही पद्धत १९८० च्या दशकापासून आहे, आणि कितीतरी देश तो फॉर्म पाठवतच नाहीत. आपण जो भरतो तो सगळ्यांना वाचता येईल असा खुला ठेवा. लपवण्यासारखं काही असेल तर तेवढं झाका, पण कुठं झाकलंय ते कळू द्या. आणि त्याचं मराठीसकट देशी भाषांत सोपं रूप करा. बारावीच्या पोरांना ते शिकवायला माझ्यासारखे रिकामे म्हातारे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. फ्रान्सनं २०१३ मध्ये स्वतःहून इतर देशांच्या तज्ज्ञांना बोलावून आपली अंमलबजावणी तपासून घेतली, पुढं आणखी काही देशांनी तसं केलं. आपल्याकडं पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत देशातली पहिली सर्वांत कडक सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. २०२० च्या मार्चमध्ये आमच्या कोल्हापूरचे स्वॅब गाडीत घालून पुण्यालाच जात होते आणि आम्ही रिपोर्टाची वाट बघत देव पाण्यात घालून बसलो होतो. त्या संस्थेबद्दल आम्हाला आदर आहे, म्हणूनच म्हणतो, पाहुणे बोलवा. शेजारचे देश बोलवा, ज्यांच्याशी आपलं पटत नाही तेही. नोंदवह्या दाखवा. पुढच्या बैठकीत जेव्हा तुम्ही म्हणाल, ‘तपासणी हवी’, तेव्हा समोरच्याला सांगता येईल की आम्ही आमचा रवा फोडून दाखवलाय, आता तुमचा.

लाज वाटावी अशी एक बारीक गोष्ट सांगतो. गुळाला रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रोज पावडर टाकतात. त्यातून राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला कायद्यानं ७० पीपीएमची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली का हे बघायला अन्न प्रशासनाचा माणूस पार मळ्यापर्यंत येऊन नमुना नेऊ शकतो. आमच्या गुऱ्हाळावर एकदा आला होता. वडील चिडले होते, पण नमुना दिला. दहा लाखांत सत्तर भागांसाठी मळ्यापर्यंत माणूस येतो. अँथ्रॅक्ससाठी, प्लेगसाठी, पृथ्वीवर कुणाच्याही दारात यायचा हक्क कुणालाही नाही. अगदी एरंडासाठीसुद्धा तुमच्या करारात तो नाही, शेजारच्या करारात आहे.

तुमच्या बैठका बहुधा डिसेंबरात असतात. आमचा गुळाचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. त्या दिवसांत सुट्टी काढून इकडं या, असं म्हणणार नाही, पण बैठक आटोपून परतताना सवड झाली तर जरूर या. ओळखीचं एक गुऱ्हाळ अजून चालू आहे. गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी बघतो, आणि गोळी झाली नसेल तर मालक कितीही घाई करो, काहील उतरू देत नाही. ते बघायला घेऊन जाईन. तोवर या पत्राची पोच आणि वरच्या दोन मागण्यांपैकी निदान पहिलीवर, म्हणजे फॉर्म खुला करण्यावर, होय किंवा नाही एवढं एका ओळीचं उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
कोल्हापूर